मुलासाठी छोटं ट्रेंडी नाव ठेवताय? आधी वेलांटी ठरवा, मग स्पेलिंग

वेद, नील, युग, अंश, रुद्र, ईश, वीर, शर्व. दोन अक्षरांत विषय संपला. सध्या ज्यांच्या घरी पाळणा हलणारे त्यांच्या मोबाईलमध्ये अशीच एक लिस्ट असते आणि त्यावर नवरा-बायकोची, दोन्ही आज्यांची आणि एका अतिउत्साही मामाची चर्चा चालू असते. छोटी नावं आपल्याकडे काही नवीन नाहीत हं, राम, हरी, शिव, जय ही काय मोठी आहेत का, आणि मोठं नाव ठेवलं तरी आपण ते कापतोच, दत्तात्रयचा दत्ता, पुरुषोत्तमचा पुरू, ज्ञानेश्वरचा ज्ञाना.

मी पेशाने आत्या. म्हणजे सख्खे, चुलत, मावस सगळे भाऊ धरले तर पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र करायचं काम बऱ्याचदा माझ्याकडेच येतं, आणि हल्ली त्याबरोबर "ताई, स्पेलिंग काय करू गं" हा फोनही येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. मोठ्या नावात एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली तर खपून जातं, पुरुषोत्तम कसाही लिहिला तरी पुरुषोत्तमच राहतो. दोन अक्षरी नावात तेवढीच चूक झाली तर वेगळंच नाव तयार होतं. जागाच कमी आहे ना. म्हणून छोटं नाव ठेवायला सोपं वाटतं पण त्याला काळजी जास्त लागते.

पायरी १ : लिस्ट करा, पण फक्त नावांच्या साइटवरून नको

गुगलवर सर्च केलं की सगळ्या साइटवर तीच नावं त्याच क्रमाने दिसतात, कारण एकाने दुसऱ्याचं उचललेलं असतं. त्यामुळे होतं काय की बालवाडीच्या एकाच वर्गात दोन आरव, दोन विहान आणि मग बाई त्यांना आडनावाचं पहिलं अक्षर लावून हाका मारतात. छोटं नाव ठेवलं ते वेगळं उठून दिसावं म्हणून, आणि झालं भलतंच.

थोडं बाहेर बघा. घरात आजोबांकडे विष्णुसहस्रनामाची पोथी असेल तर ती काढा, हजार नावं तयार आहेत, आणि त्यात आजच्या फॅशनमध्ये चपखल बसतील अशी छोटी नावं भरपूर आहेत : शर्व, ध्रुव, वीर, वसू, सोम, भानू, नंद, वरद, अनघ, प्रणव, अनिल. अनघ तर मला फार आवडतं, अर्थ निष्पाप, आणि वर्गात दुसरा निघायची शक्यता कमी. देवाचं नको असेल तर निसर्ग आहेच, नीर, अर्क, मिहिर, अर्णव. आणि वारकरी घरातलं अबीर. हे नाव आता शहरातही बरंच ऐकू येतं, पण ज्या घरात बुक्क्याची डबी देव्हाऱ्यात असते तिथे ते जास्त शोभतं हे माझं वैयक्तिक मत.

लिस्ट लांबवू नका. दहा-बारा नावं पुरे, नाहीतर बारशाच्या सकाळपर्यंत भांडण चालतं.

पायरी २ : पत्रिकेचं अक्षर, मानत असाल तर

हे पटकन उरकते. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरं, आणि बाळ ज्या चरणावर जन्मलं त्याचं अक्षर गुरुजी काढून देतात. अश्विनी असेल तर चू चे चो ला, रोहिणी असेल तर ओ वा वी वू, अनुराधा असेल तर ना नी नू ने. रोहिणीवाल्यांची मजा, ओम आणि वीर दोन्ही त्यांना आयते मिळतात. आणि हस्त नक्षत्रवाल्यांच्या वाट्याला पू ष ण ठ. आता ण वरून काय नाव ठेवणार माणूस?

बऱ्याच घरांत मार्ग असा काढतात की पत्रिकेतलं नाव वेगळं, ते कानात सांगायचं आणि पत्रिकेत लिहायचं, आणि व्यवहाराचं नाव आपल्या आवडीचं. किंवा त्या राशीतलं कुठलंही अक्षर घ्यायचं. गुरुजींना आधीच विचारा, बारशाच्या दिवशी पाटावर बसल्यावर नको.

पायरी ३ : अर्थ साइटवर नाही, कोशात बघा

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त गंमती इथे होतात.

आरव घ्या. नावांच्या साइटवर अर्थ असतो "शांत". संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. मराठीत तर पहाटे कोंबडा काय करतो? आरवतो. आता नाव वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, कानाला गोड आहे, आणि रात्री अडीच वाजता बाळाने सूर लावला की नाव किती सार्थ आहे तेही पटतं, पण नातेवाईकांना "शांत" असं सांगत बसू नका, एखादे रिटायर्ड संस्कृतचे सर भेटले तर पंचाईत होईल.

अर्श हे दुसरं. उर्दूत अर्श म्हणजे आकाश, सिंहासन, छान अर्थ आहे. पण आयुर्वेदात अर्श म्हणजे मूळव्याध. कुठल्याही आयुर्वेदिक दवाखान्याच्या बोर्डावर वाचा, लिहिलेलं असतं. पोरगा मोठा होऊन त्या बोर्डाखालून मित्रांबरोबर जाणार आहे हे लक्षात ठेवा.

कियान हे फारसी नाव, इराणच्या दंतकथांमधल्या राजांच्या घराण्याचं, म्हणजे चांगलंच राजेशाही. पण संस्कृतात कियान् म्हणजे "केवढा". रेयांशचा अर्थ "प्रकाशाचा किरण" असा सगळीकडे लिहिलाय, पण संस्कृतात किरणाला रश्मी, अंशू, मयूख असे शब्द आहेत, "रेय" नावाचा किरण काही सापडत नाही, ते इंग्रजी रे आणि आपला अंश जोडून झालेलं दिसतं. त्यात पाप नाही, नवीन नावं अशीच बनतात, फक्त "वेदांमधलं प्राचीन नाव आहे" असं बारशाच्या आमंत्रणपत्रिकेवर छापू नका.

आणि विहान म्हणजे पहाट, तो अर्थ बरोबर आहे, विहानच्या आई-बाबांनी निवांत रहा.

कोशात बघायचं म्हणजे लायब्ररीत जायची गरज नाही. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि आपट्यांचा संस्कृत कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट सर्च करता येतात. नाव देवनागरीत टाका, पाच मिनिटांचं काम. आणि कोशाबरोबर रोजची भाषाही तपासा. अर्क म्हणजे सूर्य, सुंदर नाव, पण "हा म्हणजे एक अर्क आहे" हे वाक्य तुम्हाला पुढची वीस वर्षं ऐकावं लागेल. चालत असेल तर बिनधास्त ठेवा, मला तर चालेल.

पायरी ४ : हाक मारून बघा

कागदावर छान दिसणारं नाव तोंडात कसं बसतं ते वेगळंच. गॅलरीत उभं राहून खाली खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवताय असं समजा आणि मोठ्याने हाक मारा. "वेऽऽद!" जातं लांबवर. "नीऽऽल!" छान. "अंशऽऽ" ... श वर हाक विरून जाते, त्याला ओढायला काही नाही. "यज्ञ" ला तर हाक मारताच येत नाही, तीन मजले खाली पोचेपर्यंत नुसता न्य उरतो. स्वर मध्ये लांब असला की हाक चांगली बसते एवढं साधं गणित.

मग मित्र काय करतील ते करून बघा. आपल्याकडे शेवटी "या" लागतोच. नील्या, यश्या, वेद्या, ओम्या, रुद्र्या. म्हणजे तुम्ही नाव कितीही आखूड करा, पोरं त्याला एक अक्षर जोडणारच. आणि आजी त्याचं विहू, रुद्रू, अबू काय करायचं ते करणार. यातलं कुठलंही रूप कानाला अगदीच खटकत असेल तर आत्ताच ते नाव लिस्टमधून काढा.

आडनावाबरोबर पण म्हणून बघा, भरभर. वेद दळवी म्हटलं की वेददळवी होतं, द ला द चिकटतो. अंश शेळके, ईश शिंदे, यश शहा, सगळीकडे तेच, पहिलं नाव कुठे संपलं कळतच नाही. नाव ज्या अक्षराने संपतं त्याच अक्षराने आडनाव सुरू होत असेल तर छोट्या नावाचं अर्ध अंग आडनावात जातं. ओम ओक, देव देव वगैरे जोड्या ऐकायला मजेशीर असतात पण त्या दुसऱ्याच्या घरी.

पायरी ५ : देवनागरी आधी फायनल करा

बहुतेक लोक उलटं करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत नाव टाइप करून चर्चा, केकवर इंग्रजी, पाळण्यामागच्या डेकोरेशनवर इंग्रजी, आणि मराठीत कसं लिहायचं ते थेट जन्मदाखला हातात आल्यावर कळतं. तसं करू नका. एका कोऱ्या कागदावर ठसठशीत देवनागरीत नाव लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा.

काय काय बघायचं :

वेलांटी आणि उकार. नील, निल नाही. वीर, विर नाही. ईश, ईशान यात पहिली ई दीर्घ. रुद्र मध्ये रु ऱ्हस्व, रूद्र असं टेम्पोच्या मागे लिहिलेलं असतं ते सोडून द्या. ध्रुव पण ऱ्हस्व.

शेवटचा इकार-उकार. संस्कृत पोथीत भानु, वसु, रवि असं दिसेल, पण मराठीच्या लेखननियमांप्रमाणे शेवटचं अक्षर दीर्घ लिहायचं, भानू, वसू, रवी. शाळेत मराठीच्या बाई दीर्घच करून देणार, मग दाखल्यावर पहिल्यापासून तसंच असूदे.

रफार. अर्णव लिहायचं, अरनव नाही. शर्व, शरव नाही.

ॐ हे चिन्ह नाव म्हणून वापरू नका. देव्हाऱ्यात ठीक, पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळंच चिन्ह आहे, ओम टाइप करून शोधलं की ते सापडणार नाही. ओ आणि म, बास.

पायरी ६ : इंग्रजी स्पेलिंग, आणि एकच

आता आलो मुद्द्यावर. तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग असं हवं की अनोळखी माणसाने वाचलं तर तो मूळ नावाच्या जवळ तरी पोचावा. छोट्या नावात तो फार लांब जाऊ शकतो.

नील. एन-ई-ई-एल बरोबर, एन-ई-आय-एल पण चालतं, बाहेरच्या लोकांना ते ओळखीचं असतं. पण एन-आय-एल कधीही नाही! इंग्रजीत त्याचा अर्थ शून्य, आणि फॉर्ममध्ये "काही नाही" लिहायचं असेल तेव्हा लोक तेच लिहितात. नावाच्या रकान्यात नाव म्हणून निल. विचार करा ऑफिसातला क्लार्क काय समजेल.

ईश. आय-एस-एच केलं तर इश वाचतात, आणि मराठी माणूस त्याच्यापुढे आपोआप अजून एक श लावून लाजतो. ई-ई-एस-एच केलं तर निदान ई लांब राहते. या नावाला शंभर टक्के नीट स्पेलिंग नाहीच, खूप आवडत असेल तर ईशान करा, सगळे प्रश्न मिटतात.

ऋ ची भानगड खास आपली. आपण ऋषी म्हणतो रुषी, हिंदीवाले म्हणतात रिशी. म्हणून ऋत, ऋषी, ऋग्वेद यात आर-यू लावायचं की आर-आय हे ठरवावं लागतं. पुण्या-साताऱ्यात राहणार असाल तर आर-यू, घरातल्या उच्चाराशी जुळतं. उद्या दिल्ली-बंगलोर झालं तर लोक रु वाचतील, वाचूदेत, तो आपलाच उच्चार आहे. आर-आय लावून मग आयुष्यभर "रि नाही हो, रु" सांगत बसण्यापेक्षा बरं.

ज्ञ त्याहून अवघड. मराठीत यज्ञचा उच्चार यद्न्य, हिंदीत यग्य, गुजरातीत यग्न, आणि संस्कृतच्या पुस्तकात जे-एन. डी-एन-वाय लावलंत तर मराठी माणूस बरोबर वाचेल आणि बाकीचे यदन्या वाचतील, म्हणजे मुलगीच झाली. म्हणून ज्ञ असलेलं नाव छोटं ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचा ए. वेद, युग, अंश यांना शेवटी ए लावायचा नाही, लावला की वेदा, युगा. पण रुद्र, शर्व, शौर्य, आर्य इथे जोडाक्षर शेवटी आहे म्हणून ए लागतोच, आणि मग आर्य चं आर्या होतं. ए-आर-वाय-ए बघून शाळेच्या यादीत मुलींच्या रांगेत नाव जाऊ शकतं. त्यावर इलाज स्पेलिंगमध्ये नाही, ते पत्करूनच नाव ठेवायचं. ध्रुवला मात्र दोन्ही चालतं, व्ही वर थांबवलेलं मला जास्त बरं वाटतं.

डबल ए. आरवला सुरुवातीला दोन ए ठीक आहेत, आ चा उच्चार कळतो. विहानला शेवटून दोन ए काही लोक लावतात, काही एकच. दोन्ही बरोबर, पण एक ठरवा. कियानमध्ये तर आय, वाय, ए, डबल ए यांची इतकी कॉम्बिनेशन्स होतात की आजोबा बँकेत एक लिहितात, आई शाळेत दुसरं.

आता अंकशास्त्रवाले. "एक ए वाढवा, नंबर चांगला येतो" असा सल्ला येतोच. विहानचं उदाहरण करून बघू. त्यांच्या खाल्डियन पद्धतीत व्ही ६, आय १, एच ५, ए १, एन ५, बेरीज १८, म्हणजे ९. एक ए वाढवला की १९, म्हणजे १. बरं, दुसरी पायथागोरियन पद्धत आहे तिच्यात अक्षरांचे आकडेच वेगळे. डबल ए वाला आरव खाल्डियनमध्ये २ येतो आणि पायथागोरियनमध्ये ७. त्याच मुलाचं तेच स्पेलिंग. मानायचं असेल तर माना बाबांनो, पण मग तो वाढवलेला ए आयुष्यभर प्रत्येक कागदावर, प्रत्येक फॉर्मवर, न विसरता लिहायचाय. ज्यांना स्वतःच्या गाडीचा नंबर पाठ नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

स्पेलिंग ठरलं की ते नोट्समध्ये सेव्ह करा, देवनागरी आणि इंग्रजी एकाखाली एक, आणि फॅमिली ग्रुपवर टाका. केकवाला, डेकोरेशनवाला, आणि चांदीच्या वाटीवर नाव कोरणारा सोनार, तिघांनाही तेच फॉरवर्ड करायचं. फोनवर सांगायचं नाही. फोनवर व्ही सांगितलं की तिकडे बी ऐकू येतं.

पायरी ७ : पूर्ण नाव लिहून बघा

महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे चार शब्द. इथे छोटं नाव खरंच कामाला येतं, रकान्यात बसतं. पण चारही नावांची इंग्रजी आद्याक्षरं एका ओळीत लिहा आणि मोठ्याने वाचा, त्यातून काही भलता शब्द तयार होत नाही ना. आणि आईचं नाव तिच्या आधारवर जसं आहे तसंच हवं, लग्नाआधीचं-नंतरचं घोळ असेल तर तो आधी निस्तरा.

परदेशात असाल तर घाई जास्त. अमेरिकेत जन्मदाखल्याचा फॉर्म हॉस्पिटलमध्येच भरून घेतात, बाराव्या दिवसापर्यंत थांबायला वेळ मिळत नाही, त्यामुळे स्पेलिंगसकट नाव बॅग भरतानाच तयार ठेवा. आजीला बारशाला व्हिडिओ कॉलवर पाळणा म्हणूदे, नाव मात्र आधीच गेलेलं असणार.

पायरी ८ : जन्मनोंद

आता कागदाचं काम. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटलमध्ये डिलिव्हरी झाली असेल तर माहिती हॉस्पिटलच कळवतं, पण फॉर्म कोण भरतं, तर वॉर्डमधल्या ताई, घाईत, आणि तुम्ही त्या वेळी झोपेत. आई-बाबांच्या नावांचं स्पेलिंग त्या कागदावर स्वतः वाचा. तोंडी सांगू नका, दोघांच्या आधारची झेरॉक्स हातात द्या.

नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे. बाळंतपण माहेरी सांगलीत झालं आणि तुम्ही राहता ठाण्यात, तर दाखला सांगलीचाच. गावात असेल तर ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका-महापालिका. हे बऱ्याच बाबांना ठाण्याच्या ऑफिसात रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

नाव ठरलं नसेल तर टेन्शन घेऊ नका, नावाशिवाय नोंद होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. पण "करू नंतर" म्हणून ठेवलं की राहतं, आणि शाळेच्या ॲडमिशनच्या आठवड्यात पळापळ होते. शिवाय कायद्यात बदल झालाय, १ ऑक्टोबर २०२३ किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, लायसन्स, मतदार यादी, लग्नाची नोंद सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार, पासपोर्टलाही तोच. म्हणजे या एका कागदावर जे स्पेलिंग पडलं ते पुढे सगळीकडे उतरत जाणार.

दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो. दोन्ही वाचा. लोक इंग्रजी वाचतात आणि मराठी सोडतात, तिथेच निल आणि रूद्र बसलेले असतात.

पायरी ९ : बाल आधार आणि शाळा

पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे नसतात, फोटो आणि आई किंवा बाबांचं आधार. ऑपरेटर इंग्रजीत नाव टाइप करतो आणि सॉफ्टवेअर मराठी आपोआप तयार करतं. इथेच डोळे उघडे ठेवा. अबीर टाइप केलं की स्क्रीनवर अबिर येऊ शकतं, अंशचं अन्श, अनघचं अनाघ. ऑपरेटरला काय, त्याच्यामागे रांग आहे. तुमच्या बाजूच्या स्क्रीनवर नाव दिसत असतं, त्याला शांतपणे सांगा, "दादा, बी ला दीर्घ करा", तो करून देतो, तशी सोय त्यात असते. पावती मिळाल्यावर दारातून बाहेर पडायच्या आधी परत वाचा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी वेलांटीवर घालवायची नसेल तर ती दोन मिनिटं द्या.

शाळेत ॲडमिशनच्या वेळी जनरल रजिस्टरला जे नाव चढतं तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं, आणि आता अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या ओळख क्रमांकासाठी, शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. जुळलं नाही की वर्गशिक्षिकेचा मेसेज येतो. म्हणून ॲडमिशन फॉर्म भरताना जन्मदाखला समोर ठेवून एकेक अक्षर बघून भरा, पाठ आहे म्हणून लिहू नका.

आणि तरीही बदलायचंच असेल तर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदवहीत लिहिताना चूक झाली, म्हणजे तुम्ही वीर दिलं आणि त्यांनी विर लिहिलं, तर जिथे नोंद झाली त्याच निबंधकाकडे, म्हणजे जन्मनोंदणीच्या अधिकाऱ्याकडे, पुराव्यासकट दुरुस्तीचा अर्ज करायचा. हॉस्पिटलचे कागद, आई-बाबांचं आधार जवळ ठेवा, आणि जितक्या लवकर जाल तितकं सोपं, आधार निघायच्या आधी गेलात तर एकाच ठिकाणी काम होतं.

पण वर्षभराने वाटलं की कियान नको, ध्रुव हवं, किंवा अंकशास्त्रवाल्याने अजून एक ए सुचवला, तर ती चूक धरत नाहीत, ते नाव बदलणं झालं, आणि त्याला शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, जाहिरात द्यावी लागते. मूल लहान आहे म्हणून अर्ज आई-बाबांनी करायचा. अर्ज ऑनलाइन होतो, शासकीय मुद्रण संचालनालयाच्या साइटवर. गॅझेट छापून आलं की त्याची कॉपी घेऊन आधार, शाळा, पासपोर्ट असं एकेक दार फिरायचं. आणि गॅझेटच्या अर्जात जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही टाइप करायचं असतं, तिथे तरी वेलांटी बघून टाका.